सांगता येत नाही

"उज्ज्वला, खरं सांग. या वस्तीत तू गेली होतीस का?"

निरगुडकर सरांनी कॉम्प्युटरवरून छापून आलेला लांबलचक कागद टेबलावर पसरला आणि चष्मा कपाळावर ढकलला. सरांचा चष्मा कपाळावर गेला की जपून बोलायचं, हे आमच्या केंद्रात शिपायालाही ठाऊक होतं. मला जपून बोलणं तेव्हाही जमत नव्हतं, आताही जमत नाही.

"गेले नव्हते तर हे कुठनं आले?" मी पिशवीत हात घातला आणि मूठभर शेंगदाणे त्या कागदावरच ठेवले. "सोजरबाई कसबे म्हणून आहेत तिथं, त्यांनी बांधून दिलेत. सरव्याचे आहेत. लोकांच्या रानात काढणीनंतर मातीत राहिलेल्या शेंगा वेचून आणतात, त्या."

"शेंगदाणे बार्शीच्या बाजारातही मिळतात," सर म्हणाले.

हे मला फार लागलं. मी बार्शीची, हे सरांना माहीत होतं. म्हणूनच तर त्या भागातली गावं त्यांनी मला दिली होती. निवडणूक नुकतीच आटोपली होती आणि पुण्यातलं आमचं छोटंसं अभ्यासकेंद्र राज्यभर लोकांना प्रश्न विचारत फिरत होतं. मत कुणाला दिलं, का दिलं, सरकार कसं वाटतं, जातीपातीबद्दल आणि गरीब-श्रीमंतांबद्दल काय वाटतं, असे ते प्रश्न. माळेवडगावच्या मातंग वस्तीतल्या बायकांच्या मुलाखती मी घेतल्या होत्या. आणि आता कागदावर त्या बायकांच्या नावापुढं प्रत्येक रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच उत्तर दिसत होतं: सांगता येत नाही. सरकारबद्दल सांगता येत नाही, गरिबीबद्दल सांगता येत नाही, कशाबद्दलच सांगता येत नाही.

"पुठ्ठ्याच्या पेटीत मात्र सगळ्यांनी चिठ्ठी टाकलीय," सर म्हणाले.

ही आमची एक युक्ती होती. मत कुणाला दिलं हे तोंडी विचारायचं नाही, खोटी मतपत्रिका हातात द्यायची, बाईनं आडोशाला जाऊन शिक्का मारायचा आणि घडी घालून आमच्या पुठ्ठ्याच्या पेटीत टाकायची. सोजरबाईंनी तर ती पेटी उलटीपालटी करून पाहिली होती. "ह्येला कुलूप कुठाय?" असं विचारलं होतं. मी त्यांच्यासमोर चिकटपट्टी लावून पेटी बंद केली, तेव्हा कुठं त्यांनी घडी आत सरकवली.

"चिठ्ठी टाकायला हरकत नाही, आणि मत विचारलं की सगळ्यांची दातखीळ. असं होतं का कुठं?" सरांनी कागदावर बोट आपटलं. "एक तर तू झाडाखाली बसून भरून टाकलंस."

"आणि दुसरं?"

"दुसरं म्हणजे या बायकांना खरंच कशाबद्दल काही मत नाही. कुणीतरी सांगतं, त्या जाऊन शिक्का मारून येतात. पुरुषांनी त्याच वस्तीत धडाधड उत्तरं दिलीत, बायकांनी नाहीत. जात, गरिबी आणि वर बाईपण. हे जर खरं असेल ना, तर फार मोलाचं आहे. पुढच्या महिन्यात दिल्लीला मांडायचंच." मग जरा थांबून, स्वतःवरच खूश होऊन ते म्हणाले, "प्रकरणाचं नावसुद्धा सुचलंय मला. मतहीन मतदार."

म्हणजे माझ्यापुढं दोन ताटं वाढलेली होती. एक तर मी लबाड, नाहीतर सोजरबाई बिनडोक. मला दोन्हीही गिळायचं नव्हतं.

मी लबाड ठरले असते तर प्रकल्पातून माझं नाव गेलंच असतं, आणि सरांच्या हाताखाली पीएचडी करण्याचं स्वप्नही. बार्शीत माझे वडील शिवणकाम करायचे. त्यांनी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगून ठेवलं होतं, "आमची पोरगी डॉक्टर होणार, पण सुई टोचणारी न्हवं. घरात सुई धरणारा मी एक बास." त्या माणसासमोर मी कोणत्या तोंडानं उभी राहणार होते?

"सर, चला," मी म्हटलं. "तुम्ही स्वतः चला माझ्याबरोबर. तुमच्या तोंडानं विचारा."

सर चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि दोन शेंगदाणे तोंडात टाकले. "चल," म्हणाले.

*

भाड्याच्या जीपमधून जाताना सरांनी मला पुन्हा एकदा नियम ऐकवला. प्रश्न छापलाय तसाच वाचायचा, काना-मात्रा बदलायची नाही. ज्यानं त्यानं आपापल्या शब्दांत विचारलं तर कोल्हापूरच्या उत्तराची तुलना नांदेडच्या उत्तराशी कशी करणार?

"मी एक अक्षर बदललं नव्हतं सर," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. बाकीची पोरं प्रश्न समजावून सांगायची, सोपे करायची. मला ते कमीपणाचं वाटायचं. वडिलांच्या हाताखाली टेप धरून वाढलेली मुलगी मी. माप म्हणजे माप.

माळेवडगावच्या पाराजवळ जीप थांबते न थांबते तोच एक जाडजूड माणूस पुढं आला. धोतर पांढरंशुभ्र, मिशी तेल लावलेली. हा बब्रुवान, सरपंचाचा उजवा हात. पहिल्या वेळीही तो माझ्यामागं वस्तीच्या तोंडापर्यंत आला होता.

"या या सायेब. सरपंचांनी च्या ठिवलाय. काय इचारायचंय ते तितंच बसून इचारा की. बायांना बोलावून आनतो मी."

"चहा परतताना घेऊ," सर म्हणाले. "आणि मुलाखतीला तिसरं माणूस चालत नाही आम्हाला. तुम्ही इथंच थांबा." या बाबतीत सर पक्के होते. बब्रुवान हसला, पण पारावर बसून राहिला. जीप आम्ही वस्तीच्या तोंडाशी नेऊन लावली.

बाजाराचा दिवस होता, त्यामुळं रानात कुणी गेलेलं नव्हतं. वस्तीच्या हापशावर सोजरबाई कुणाशी तरी भांडत होत्या. उंच, काटक, पन्नाशीची बाई. कपाळावर रुपयाएवढं गोंदण आणि आवाज असा की शेजारच्या गावातला माणूस दचकावा. नंबर मोडून कुणीतरी घागर लावली होती, त्यावरून ग्रामपंचायत, इंजिनियर, हापसा बसवणारा ठेकेदार आणि त्या घागरवालीचं सासर अशी सगळ्यांची उजळणी चालली होती. सर थबकून ऐकत होते. मी मुद्दाम त्यांना ऐकू दिलं.

"आगं बया, शिंपीनबाई आली!" मला बघताच सोजरबाईंनी भांडण तिथंच टाकलं. "ये गं. लगीन ठरलं का?"

"शिंपीनबाई?" सरांनी हळूच विचारलं.

"मागच्या वेळी मी जात विचारली, तर म्हणाल्या, आधी तुझी सांग," मी म्हटलं. सर पहिल्यांदाच मोकळे हसले.

सोजरबाईंच्या दारात बाज टाकली गेली. सर बाजेवर बसले. सोजरबाई उंबऱ्यावर, शेजारी त्यांची जाऊ ठकूबाई, आणि आजूबाजूला आणखी दोघीचौघी. सरांनी सगळ्यांना जरा लांब बसायला सांगितलं, कागद काढला आणि शांत, स्वच्छ आवाजात वाचलं:

"सध्याच्या सरकारच्या कामगिरीबाबत आपले मत काय आहे?"

सोजरबाईंचा चेहरा बदलला. इतका वेळ हलत असलेले हात मांडीवर येऊन बसले.

"ते सांगता येत न्हाई," त्या म्हणाल्या.

"समाजातील गरीब व श्रीमंत यांच्यातील दरीबाबत आपले मत काय आहे?"

"मत सांगता येत न्हाई, सायेब."

"घाई नाही. थोडा विचार करा."

"इच्यार करूनच सांगाया लागलेय."

सरांनी सगळे प्रश्न विचारले. मग ठकूबाईंना विचारले. तेच. मधेच सर सहज म्हणाले, यंदा शेंगा कमी दिसतात, तर दोघींनी पाऊस, बियाणं आणि मजुरी यांवर त्यांना ऐकवून सोडलं. पुन्हा छापील प्रश्न आला की पुन्हा तोंडाला कुलूप. ठकूबाईंनी तर पदर दातात धरला.

सरांनी मला जीपकडं येण्याची खूण केली.

"उज्ज्वला," ते म्हणाले, "मी तुझ्यावर संशय घेतला. माझं चुकलं. तू खरी आहेस, तुझे फॉर्म खरे आहेत. पीएचडीचे कागद सोमवारी घेऊन ये."

खरं सांगते, माझे डोळे भरून आले. एवढा मोठा माणूस धुळीत उभा राहून माझी माफी मागत होता. मी हो म्हटलं असतं, जीपमध्ये बसले असते, तर संध्याकाळी बार्शीत वडिलांना जाऊन पेढे देता आले असते. माझं काम झालं होतं. पण सर लगेच वहीत काहीतरी लिहू लागले, आणि तो मथळा मला उलट्या बाजूनंही वाचता आला.

"आणि त्या बायका, सर?"

"म्हणजे?"

"त्या मतहीन?"

"आत्ता तूच ऐकलंस ना?"

"हापशावरचंही ऐकलं मी. तुम्हीही ऐकलंत."

"उज्ज्वला, भांडण वेगळं आणि मत वेगळं."

"सर, माझे वडील म्हणतात, माप चुकलं तर गिऱ्हाइकाचं अंग वाकडं म्हणू नये."

सरांचा चष्मा कपाळावर गेला. "ठीक आहे. मग माप कुठं चुकलं ते दाखव."

"ते मला अजून कळलेलं नाही," मी म्हटलं. "पण अंग वाकडं नाही, एवढं नक्की. पुन्हा जाऊन बसू."

"नुसतं बसून काय करायचं?"

"चहा घेऊ. सरपंचाचा नको, त्यांचा."

सरांनी वही मिटली. मग ते मागं फिरले. वस्तीत चहा प्यायला पुण्याचा साहेब परत आला, हे बघून सोजरबाईंची तारांबळ उडाली. कपबशा कुणाकुणाच्या घरातून आल्या. सरांनी बशीत ओतून फुर्र करून चहा घेतला, तेव्हा त्या जरा सैलावल्या.

"सायेब," त्या म्हणाल्या, "यवढ्या लांबनं आलाव अन् फिरून फिरून तेच इचारताव. राग मानू नका, मी येक इचारू?"

"विचारा की."

"तुमचं मत कुनाला?"

सरांना कळलं नाही. "कशाबद्दल?"

"कशाबद्दल म्हंजी? आत्ताच्या विलेक्शनला. कुनाला टाकलं?"

सर हसले. "अहो बाई, ते कसं सांगणार? मत गुप्त असतं."

"मग!" सोजरबाईंनी मांडीवर थाप मारली. "तुमचं मत गुपित, अन् आमचंच तेवढं येशीला टांगायचं व्हय?"

"अहो, पण मी ते मत नाही विचारत. मी विचारतोय की सरकारबद्दल तुमचं मत..."

आणि सर मध्येच थांबले. बशी तशीच हातात. कपाळावरचा चष्मा घसरून आपोआप नाकावर आला. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. इतक्या दिवसांत, इतक्या गावांत, इतक्या वेळा मी 'मत' हा शब्द उच्चारला होता. काना-मात्रा न बदलता.

"मावशी," मी हळूच विचारलं, "मत सांगायचं नाही, असं कुणी सांगितलंय तुम्हाला?"

"कोन सांगनार? आमीच आमाला सांगितलंय." सोजरबाईंनी जावेकडं हात केला. "ह्या ठकीला इचार. बोल की गं."

ठकूबाईंनी दातातला पदर सोडला. बारीक आवाजाची बाई ती. "मागल्या विलेक्शनला मत टाकून आलो," त्या म्हणाल्या, "अन् दुसऱ्या दिशी बब्रुवान आला. हितंच, ह्या बाजंवर बसला. लई गोड बोलला. सरकारबद्दल काय मत हाय, पुढाऱ्याबद्दल काय मत हाय, करत करत इचारलं, मग वैनी, मत कुनाला टाकलं? मला काय ठावं. मी सांगून बसले."

"मग?"

"मग काय. त्या सालात कुनी खुरपायला बोलवलं न्हाई. काढनीला न्हाई, येचनीला न्हाई. माजं खुरपं गंजून गेलं."

सरांनी हातातली बशी खाली ठेवली. हापशाचा दांडा कुरकुरत होता.

"तवा मंग समद्याजनी लक्ष्मीआईम्होरं गेलो," सोजरबाई म्हणाल्या. "भंडारा उचलून आन घेतली. मत पेटीत टाकायचं, तोंडानं काढायचं न्हाई. सासूला न्हाई, नवऱ्याला न्हाई, पुढाऱ्याला न्हाई, कुनी गोड बोलत आला तर त्येला तर न्हाईच न्हाई. जिनं सांगितलं तिला आईनं बघून घ्यावं." मग माझ्याकडं वळून, "तू शेंगा खाऊन गेलीस, गोड हुतीस. पर भंडारा तुज्यापरीस मोठा गं."

ज्या वस्तीत एकीचा रोजगार बुडाला म्हणून सगळ्याजणी एका शब्दाला बांधल्या गेल्या, आणि त्यानंतर एकीनंही तो मोडला नाही, त्या वस्तीला आम्ही मतहीन म्हणायला निघालो होतो. मला एकदम इतका अभिमान वाटला की सांगता सोय नाही. जणू माझ्याच घरातल्या बायका होत्या त्या.

मी कागद घडी करून पिशवीत घातला. "सर, मी विचारू? माझ्या शब्दांत?"

नियम त्यांचा होता. कोल्हापूर आणि नांदेड त्यांना समोर दिसत असणार. त्यांनी वही उघडली, पेन काढलं.

"विचार," ते म्हणाले.

"मावशी, मत राहू द्या पेटीत. मला एवढंच सांगा, हे सरकार बरं चाललंय का वंगाळ? तुम्हाला काय वाटतं?"

"काय वाटतं व्हय?" सोजरबाई सावरून बसल्या. "मग असं इचार की! वाटतं तर लई काय काय."

आणि मग धरण फुटलं.

"सरकार म्हंजी पावन्यासारखं," त्या म्हणाल्या. "येनार येनार म्हून आमी सडा घालायचा, अन् ते वरच्या आळीलाच जेवून माघारी जातंय."

"आणि गरीब-श्रीमंत? त्यांच्यातलं अंतर वाढलंय का कमी झालंय?"

"आदी त्यांच्यात लगीन असलं की आमाला लांब बसवायचे, पर बसवायचे. जेवाया घालायचे. आता लग्नं तालुक्याला हालमदी. लांब बसायचंबी गेलं."

"म्हणजे वाढलं म्हणायचं?" सरांनी न राहवून विचारलं.

"लांब बसवत हुते तवा डोळ्यानं दिसत तरी हुतं, किती लांब ते. आता ते तिकडं अन् आमी हिकडं. दिसतच न्हाई तर मोजावं कसं?"

सर खाली मान घालून लिहीत होते. लांब बसलेल्या बायका एकेक करून जवळ सरकल्या. दवाखाना, रेशन, पोरींची शाळा, दारू, प्रत्येकीला काही ना काही वाटत होतं, आणि दोघींचं एकमेकींशी पटत नव्हतं. एकीला सरकार बरं वाटत होतं, दुसरीनं तिला तिथंच झापलं. दिल्लीच्या सभागृहात मी पुढं पुष्कळ वाद ऐकले, पण इतके चोख नाही.

शेवटी मी ठकूबाईंना विचारलं, "एवढं सगळं भोगलंत, तरी मत द्यायला जाता? का जावंसं वाटतं?"

त्यांनी पदराचं टोक हातात घेतलं. मला वाटलं, पुन्हा पदर दातात जाणार.

"रांगेसाठी," त्या म्हणाल्या. "त्या दिशी त्यांच्या बायका अन् आमी येका रांगंत. सरपंचाची सून माज्या मागं हुती. मला म्हनाली, वैनी, जरा सरका म्होरं. मी म्हनलं, सरकन की सावकाश." आणि ती बारीक आवाजाची बाई अशी खुदकन हसली की सगळी वस्ती हसायला लागली.

निघताना सरांनी सोजरबाईंना हात जोडले. "हे सगळं पुस्तकात येईल. पण काळजी करू नका, तुमचं नाव आम्ही कुठंही लिहिणार नाही."

सोजरबाईंच्या कपाळावरचं गोंदण आक्रसलं. "का? मला नाव न्हाई व्हय?"

"तसं नाही. तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"तरास मत सांगितलं तर. वाटतं ते काय मी हापशावर रोज वरडून सांगते, समद्या गावाला ठावं हाय. नाव घाला, सायेब. सोजरा शंकर कसबे. माजं नाव घाला, माज्या मनातलं घाला. मत तेवढं राहू द्या."

*

बब्रुवान पारावरून उठून वस्तीच्या तोंडाशी येऊन उभा होता. जीपच्या दारावर हात ठेवून, गोड हसत तो म्हणाला, "लई येळ बसलाव सायेब. बाया बोलल्या वाटतं? काय मत पडलं म्हनायचं त्यांचं?"

मागं बायका पोचवायला आल्या होत्या. त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. हसू थांबलं. ठकूबाईंनी पदर पुढं ओढला. सरांची वही त्यांच्या हातातच होती, भरलेली.

मी सरांकडं बघितलं. सर भला माणूस, पण बोलका. पुण्याहून आलेल्या माणसाला खेड्यात कुणी अदबीनं विचारलं की त्याला सगळं समजावून सांगावंसं वाटतं.

सरांनी वही शबनम पिशवीत टाकली. चष्मा कपाळावर ढकलला. आणि अगदी गंभीरपणे, एकेक अक्षर सुटं करत म्हणाले,

"सांगता येत नाही."

बब्रुवानला काही कळलं नाही. पण मागं कुणीतरी तोंडाला पदर लावून फिसकन हसलं, मग दुसरी हसली, आणि जीप सुरू होईपर्यंत हसण्याचा नुसता कल्लोळ झाला. सोजरबाई धावत आल्या आणि खिडकीतून सरांच्या मांडीवर शेंगदाण्यांचं गाठोडं टाकून गेल्या. मला नाही, सरांना. त्या क्षणी मला सरांचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा त्यांच्या कुठल्या पुस्तकामुळं कधी वाटला नाही.

बार्शीचा फाटा आला. मग सरांनी वही काढली आणि 'मतहीन मतदार' या शब्दांवर जाड रेघ मारली.

"नियम मोडलास तू," ते म्हणाले.

"तुम्हीच विचार म्हणालात."

"मी म्हणालो नसतो तर?"

"तरी मोडला असता."

"मला तेच ऐकायचं होतं," सर म्हणाले, आणि शेंगदाणे माझ्यापुढं केले.

दिल्लीला सरांनी त्या वस्तीतल्या बायकांनी उचललेल्या भंडाऱ्याबद्दल सांगितलं. छापील प्रश्न बदलले गेले. 'आपले मत काय' जाऊन 'तुम्हाला काय वाटतं' आलं, आणि 'सांगता येत नाही'चे दोन भाग झाले: एक माहीत नसणाऱ्यांचा, एक सांगायचं नसणाऱ्यांचा. मी पीएचडी झाले. वडिलांनी बार्शीत त्या दिवशी आलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांची शिलाई फुकट केली आणि आईची बोलणी खाल्ली. सरांच्या पुस्तकात शेवटच्या पानावर आभाराच्या यादीत, मोठमोठ्या प्राध्यापकांच्या मध्ये, एक नाव आहे: सोजरा शंकर कसबे, माळेवडगाव. कोण म्हणून काही लिहिलेलं नाही. बाहेरगावचे विद्वान मला विचारतात, या कुठल्या विद्यापीठाच्या?

आता नव्या पोरापोरींना मीच शिकवते. मागच्या निवडणुकीनंतर त्यांना घेऊन माळेवडगावला गेले होते. सोजरबाई थकल्यात, पण हापशाच्या जागी आलेल्या नळावरचं भांडण अजून त्यांच्याच आवाजावर चालतं. त्यांचे मालक, शंकरराव, वर्षापूर्वी गेले. मी शेजारी बसून सोजरबाईंचा हात हातात घेतला.

"जाताना लई इचारत हुतं म्हातारं," त्या म्हणाल्या. "म्हनं, जल्मभर संसार केला, येकदा तरी सांग गं, तू मत कुनाला टाकत हुतीस."

"मग?"

"म्हनलं, आदी तुमी सांगा. त्यांनी सांगितलं."

"आणि तुम्ही?"

सोजरबाईंनी माझ्याकडं बघितलं. सुरकुत्यांमधून ते गोंदण हसलं. चुलीवरचा चहा त्यांनी कपात गाळला आणि माझ्यापुढं सरकवला.

"घे," त्या म्हणाल्या, "निवंल."

मी कप उचलला. माझ्याबरोबरची एक नवी मुलगी पेन सरसावून बसली होती, तिला मी खुणेनंच सांगितलं, लिहू नकोस.